वळणावर कलणारी गाडी आणि एक वाकवलेली सळई

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : मोटार आणि तिची निगा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर कन्नडचा घाट, तोरणमाळचा घाट किंवा साक्रीकडून नवापूरकडे जाताना लागणारी कोंडाईबारी या रस्त्यांवर गाडी घेऊन जाणाऱ्यांना वळणावरचा कल जाणवू लागतो आणि बाजारात मिळणाऱ्या जाड स्वे बारविषयी व स्ट्रट ब्रेसविषयी (बॉनेटखाली पुढच्या दोन्ही स्ट्रटचे माथे जोडणारा आडवा दांडा) विचारणा सुरू होते. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून एवढ्याच प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. इंग्रजीत ज्याला स्वे बार किंवा अँटी-रोल बार म्हणतात, त्याला आपल्याकडच्या गॅरेजात स्टॅबिलायझर रॉड म्हणतात. वस्तू एकच असल्यामुळे पुढे ही नावे अदलून बदलून आली तरी वाचकांनी गोंधळू नये.

प्रश्न : माझ्याकडे आठ वर्षे वापरलेली मारुती स्विफ्ट आहे. महिन्यातून दोनदा चाळीसगावहून कन्नड घाट चढून छत्रपती संभाजीनगरला जावे लागते. वळणांवर गाडी बाहेरच्या बाजूला फार कलते, आणि वेग थोडा जास्त असला की स्टिअरिंग फिरवूनही गाडीचे तोंड वळणाबाहेर जाऊ पाहते. एका दुकानदाराने पुढचा व मागचा जाड स्वे बार आणि स्ट्रट ब्रेस असा पूर्ण संच बसवण्याचा सल्ला दिला आहे. तो बसवावा का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : आपण एका दमात दोन वेगळ्या तक्रारी सांगितल्या आहेत, आणि दुकानदाराने दोन्हींवर एकच औषध दिले आहे. गाडी कलणे ही एक गोष्ट आणि तोंड वळणाबाहेर जाणे ही दुसरी. पहिली तक्रार डोळ्यांना दिसते, दुसरी टायर आणि रस्ता यांच्यामध्ये घडते. पहिली कमी करण्याच्या नादात दुसरी वाढवून ठेवणे अगदी सोपे आहे, म्हणून आधी ही सळई नेमके काय करते ते पाहू.

स्टॅबिलायझर रॉड म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली सळई. तिचा मधला आडवा भाग दोन रबरी बुशांमध्ये गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि दोन्ही टोके लिंक रॉडच्या मार्फत डाव्या-उजव्या चाकांच्या स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर यांचा उभा जोड) किंवा लोअर आर्मला (चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा हात) जोडलेली असतात. दोन्ही चाके एकाच वेळी सारखीच वर गेली, तर सळई बुशांमध्ये नुसती फिरते, तिच्यावर पीळ पडत नाही आणि ती काहीही काम करत नाही. वळणावर मात्र बाहेरचे चाक आत दबते, आतले चाक खाली लोंबते, सळईची दोन टोके उलट दिशांना ओढली जातात आणि पिळल्या गेलेल्या सळईला सरळ व्हायचे असल्यामुळे ती गाडीचा कल रोखून धरते. ही कल्पना जुनी आहे. अशा सळईचे पहिले पेटंट कॅनडातील स्टीफन कोलमन यांना १९१९ साली मिळाले होते. (जाता जाता एक निरीक्षण : आपल्याकडे गतिरोधक आला की अर्धी गाडी कडेच्या मातीत घालून एकाच चाकाने तो ओलांडण्याची सवय आहे. सरळ गेलो असतो तर सळई गप्प बसली असती, एका बाजूने गेल्यामुळे तिला पीळ पडतो आणि गाडी उगाच आडवी डोलते. अहिराणीत सांगायचे तर ‘गाडी डोलस’, आणि दोष मात्र सस्पेन्शनला.)

आता महत्त्वाचा मुद्दा. गाडीचे माणसांसह वजन १००० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १४५ सेंटिमीटर आहे असे समजा. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने गाडी वळणाबाहेर ढकलली जात असेल, तर सुमारे १९० किलो भार आतल्या चाकांवरून उठून बाहेरच्या चाकांवर जातो. हा आकडा वजन, उंची, रुंदी आणि वळणाचा जोर यांवर ठरतो. गाडी कलल्यामुळे गुरुत्वमध्य जो किंचित सरकतो तेवढा फरक सोडला, तर सळई कितीही जाड घातली तरी हे १९० किलो कमी होत नाहीत. त्यांपैकी किती पुढच्या जोडीने सोसायचे आणि किती मागच्या जोडीने, एवढेच सळई ठरवते. ज्या टोकाला सळई ताठ, त्या टोकाला या स्थलांतराचा वाटा मोठा.

हा वाटा मोठा झाला तर काय बिघडते, ते टायरच्या स्वभावात आहे. टायरवरचा भार दुप्पट केला म्हणजे त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. समजण्यापुरते आकडे घेऊ. ३०० किलो भाराला टायर २७० किलोची पकड देतो, १५० किलोला १४० आणि ४५० किलोला ३८०, असे धरा. दोन्ही चाकांवर ३००-३०० असतील तर जोडीची पकड ५४० होते. तोच ६०० किलो भार १५० आणि ४५० असा विभागला गेला, तर पकड ५२० वर येते. एकूण भार तोच असूनही वीस किलो पकड हातची गेली. म्हणजे ज्या जोडीला आपण जाड सळई घालतो, त्या जोडीची पकड दुसऱ्या जोडीच्या तुलनेत घटते.

आपली गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, इंजिन पुढे, वजनही पुढेच अधिक. अशा गाड्या कारखान्यातूनच थोड्या तोंड बाहेर टाकणाऱ्या केलेल्या असतात, कारण साधा चालक घाबरला की अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, आणि तोंड बाहेर टाकणारी गाडी त्यावर आपोआप सावरते. अशा गाडीला पुढचा बार जाड केला तर कल कमी होईल, गाडी ताठ झाल्यासारखी वाटेल आणि आपली दुसरी तक्रार वाढेल. दुकानदाराच्या संचातील निम्मा माल आपल्या तक्रारीच्या विरुद्ध काम करणारा आहे. (मॅकफर्सन स्ट्रटच्या काही गाड्यांत कल कमी राहिल्याने बाहेरचा टायर रस्त्यावर अधिक सपाट टेकतो व पुढचा जाड बारही फायद्याचा ठरतो, हे खरे. पण त्यासाठी टायर आणि चाकांचे कोन बारकाईने जुळवावे लागतात, आणि ते शर्यतीच्या मैदानावरचे काम आहे.)

मग फक्त मागचा बार? तत्त्वतः होय, पण आपल्या गाडीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन नाही. दोन्ही बाजूंचे आर्म एका आडव्या तुळईने जोडलेले आहेत. ती तुळई वळणावर स्वतःच पिळली जाते आणि स्टॅबिलायझरचेच काम करते. तिच्यासाठी मिळणारा जादा बार दोन आर्मच्या मध्ये बोल्टने बसतो आणि तिचा ताठपणा वाढवतो. त्याने तोंड बाहेर जाणे कमी होते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. पण अनुभवाचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. पूर्वी माझ्या स्वतःच्या हॅचबॅकला मी असा बार बसवला होता आणि उन्हाळाभर त्यावर खूश होतो. जूनचा पहिला पाऊस पडल्यावर फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट चढताना एका वळणात समोर म्हैस आली, मी एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि गाडीचा मागचा भाग धूळ व तेलाच्या चिकट ओलीवर शांतपणे बाहेर निघाला. रस्ता रिकामा होता म्हणून निभावले. चूक बाराची नव्हती, माझी होती. कोरड्या रस्त्यावर शिकलेली गाडी ओल्या रस्त्यावर वेगळी वागते, हे मी विसरलो होतो.

तेव्हा आपण खर्च करण्यापूर्वी क्रमाने पुढील गोष्टी पाहाव्यात असे माझे मत आहे. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. त्यातील पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ‘२३१९’ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. खान्देशच्या उन्हात मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो आणि नक्षी शाबूत दिसत असली तरी रबर कडक झालेले असते. टायर पाच-सहा वर्षांचे असतील तर जो पैसा बारला घालणार होता तो टायरला घाला, पकड वाढेल ती तिथेच वाढेल. हवा थंड टायरवर आणि दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेल्या आकड्यानुसार भरा, पंपावरच्या मुलाच्या अंदाजाने नव्हे. त्यानंतर शॉक अ‍ॅब्झॉर्बर गळतात का, लोअर आर्मचे बुश फाटले आहेत का आणि अलाइनमेंट कधी केले होते ते पाहा. आठ वर्षांच्या गाडीत यांपैकी किमान एक गोष्ट सापडतेच. हे सगळे ठीक करूनही तक्रार उरली, तर मागचा बार आणि तोही थोडासाच जाड घ्यावा. पुढचा बार घेऊ नये. ब्रेसविषयी खालचे उत्तर वाचावे.

प्रश्न : मी ॲल्युमिनियमचा स्ट्रट ब्रेस विकत आणला आहे. बॉनेट उघडल्यावर फार छान दिसतो. त्याने गाडीच्या हाताळणीत नेमका किती फरक पडेल आणि तो घरी बसवता येईल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : छान दिसतो हे आपण आधीच लिहिले आहे, आणि बहुतेक नव्या गाड्यांच्या बाबतीत त्याचा मोठा उपयोग तोच आहे.

मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर यांचा उभा जोड वर एका पत्र्याच्या घुमटाला धरलेला असतो. वळणावर बाहेरच्या चाकाचा जोर त्या घुमटाला आत ढकलतो. दोन्ही घुमट दांड्याने एकमेकांना बांधले की ते कमी हलतील आणि चाकांचे कोन स्थिर राहतील, असा त्यामागचा विचार आहे आणि विचार म्हणून तो बरोबर आहे. जुन्या गाड्यांमध्ये घुमटांच्या मागे फारसा आधार नसे, तिथे ब्रेसने स्टिअरिंग खरोखर चोख होत असे. पण आजच्या गाड्यांमध्ये हे घुमट विंडशील्डखालच्या जाड पेटीसारख्या भागाला अगदी जवळून वेल्ड केलेले असतात. तिथे आणखी एक दांडा घालून मिळणारा ताठपणा रोजच्या रस्त्यावर कळेलच असे नाही.

आपल्या ब्रेसची दोन टोके नीट पाहा. दांडा आणि घुमटावर बसणारा पाट यांचा जोड वेल्ड केलेला एकसंध असेल तर त्याला काही अर्थ आहे. जोड एका बोल्टवर फिरणारा असेल, तर तो फक्त ताण आणि दाब घेतो, घुमट तिरपा होऊ लागला तर दांडा आपल्या बोल्टवर निमूटपणे फिरतो. बाजारातील स्वस्त ब्रेस बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असतात.

घरी बसवणार असाल तर एक गोष्ट काळजीपूर्वक वाचावी. घुमटाच्या वर कडेला दोन-तीन छोटे नट असतात आणि मध्यभागी एक मोठा नट असतो. काढायचे ते फक्त कडेचे. मधला नट दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो, त्याला पाना लावायचा नाही, सैलही करायचा नाही. तो सुटला तर स्प्रिंग आणि तिच्या वाटेत येणारा हात यांचे काय होईल हे लिहिण्याची गरज नसावी. गाडी जॅकवर न घेता चारही चाकांवर सपाट उभी करूनच काम करा, म्हणजे स्ट्रट आपल्या नेहमीच्या जागी राहतात. कडेचे नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळा, कारण ब्रेसच्या पाटाच्या जाडीमुळे आट्याची लांबी कमी उरते आणि जास्त ताकद लावली तर स्टड तुटतो. शेवटी ब्रेसच्या सर्वांत उंच भागावर कणकेचे दोन-तीन गोळे ठेवा, बॉनेट हळूच बंद करून पुन्हा उघडा आणि गोळा किती चपटा झाला ते पाहा. इंजिन आपल्या माउंटिंगवर हलते आणि बॉनेटचा पत्रा वेगात थरथरतो, म्हणून बोटाएवढी जागा तरी मोकळी हवी.

तोट्याचा एक मुद्दा विक्रेते सांगत नाहीत. एका बाजूने जोराचा धक्का बसला, तर ब्रेस तो धक्का दुसऱ्या घुमटापर्यंत पोहोचवतो. एक घुमट सरळ करण्याच्या जागी मग दोन करावे लागतात.

प्रश्न : माझ्या गाडीच्या पुढच्या बाजूने खडबडीत रस्त्यावर खट-खट आवाज येत होता. गॅरेजवाल्याने दोन्ही लिंक रॉड काढून टाकले आणि ‘आपल्या रस्त्याला त्यांची गरज नाही’ असे सांगितले. आवाज गेला, गाडी मऊही झाली. असेच चालवले तर चालेल का?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : चालणार नाही, आणि या उत्तराबाबत माझ्या मनात जराही शंका नाही.

लिंक रॉड काढला म्हणजे स्टॅबिलायझर रॉड गाडीखाली नुसता ओझे म्हणून लटकतो. दोन्हीच काय, एक जरी काढला तरी परिणाम तोच, कारण सळईला पीळ बसायला दोन्ही टोके धरलेली हवीत. गाडी मऊ वाटते याचे कारणही खरे आहे. स्टॅबिलायझर एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या चाकाकडे थोडा पोचवतो, त्यामुळे एकाच बाजूला खड्डे असलेल्या रस्त्यावर डोके आडवे हलते. आपल्या भागात हे अधिक जाणवते, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. त्या लाटा डाव्या-उजव्या चाकांखाली एकाच वेळी येत नाहीत. सळई सोडली की हा आडवा झोल कमी होतो, म्हणून गॅरेजवाल्याचा सल्ला गावात फिरताना पटतो.

पण आपण पाचोऱ्याहून जळगावला जाताना समोरून आलेला केळीचा ट्रक चुकवण्यासाठी एकदम डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळलात, तर गाडी दोन वेळा दोन बाजूंना पूर्ण कलेल आणि दुसऱ्या वेळी पहिल्या कलाचा जोरही त्यात मिसळेल. अशा वेळी टायरची पकड पुरेशी असूनही चालकाच्या हाताचा ताल चुकतो. शिवाय पुढचा बार नसल्याने भाराच्या स्थलांतराचा मोठा वाटा मागच्या जोडीवर जातो आणि मागचा भाग निसटण्याची शक्यता वाढते. गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरती गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) असेल, तर त्याचे गणितही बार जागेवर आहे असे धरूनच मांडलेले असते.

खट-खट आवाज हा लिंक रॉडच्या टोकाचा बॉल-जॉइंट झिजल्याचा सर्वसाधारण निरोप आहे. लिंक रॉड हा सस्पेन्शनमधील स्वस्त भागांपैकी एक असून बदलायला फारसा वेळ लागत नाही. दोन्ही बाजूंचे एकत्र बदला, सोबत सळईच्या मधल्या बुशांची जोडीही घाला. जुना नट गंजून अडकलेला असतो आणि फिरवताना आतला बॉल त्याच्याबरोबर फिरतो, तेव्हा स्टडच्या टोकाला दिलेल्या खाचेत ॲलन की घालून तो धरावा लागतो. हा त्रास टाळण्यासाठीच काही ठिकाणी लिंक कापून फेकून दिले जातात, हे आपणास कळलेले बरे.

प्रश्न : दोन विक्रेत्यांनी मला एकाच गाडीसाठी दोन बार दाखवले. एक २० मिलिमीटरचा, दुसरा २२ मिलिमीटरचा पण पोकळ. मूळ बार १८ मिलिमीटरचा आहे. दोन-चार मिलिमीटरने काय फरक पडणार? पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत की रबरी? बार आणि बुश दोन्ही मी स्वतः बसवणार आहे.
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : इथे मिलिमीटरवर विश्वास ठेवून फसायला होते. भरीव सळईचा पिळाला विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. १८ चे २० केले तर व्यास अकरा टक्के वाढला, पण ताठपणा सुमारे ५२ टक्के वाढला. १८ चे भरीव २२ केले तर तो सव्वादोन पटींच्या जवळ जातो. ‘चारच मिलिमीटर’ म्हणणाऱ्या विक्रेत्याने गाडीचा स्वभाव बदलून टाकला, हे त्यालाही ठाऊक नसते.

पोकळ बारचे गणित वेगळे आहे. पिळताना खरे काम सळईचा बाहेरचा थर करतो, गाभा जवळजवळ बघ्याच्या भूमिकेत असतो. २२ मिलिमीटरच्या नळीची भिंत ३ मिलिमीटर जाड असेल, तर तिचे वजन तेवढ्याच भरीव सळईच्या ४७ टक्के, पण ताठपणा ७२ टक्के असतो. आपल्या मूळ १८ च्या सळईशी तुलना केली तर ती सुमारे १.६ पट ताठ होते, म्हणजे २० च्या भरीव सळईपेक्षा थोडीच पुढे. त्यामुळे आपल्यासमोरच्या दोन बारमध्ये दिसते तेवढे अंतर नाही. मात्र विक्रेत्याला भिंतीची जाडी विचारा. ती त्याला सांगता आली नाही, तर तो बार घेऊ नका.

बारच्या टोकाला दोन-तीन छिद्रे असतील तर लिंक कोणत्या छिद्रात लावायची यानेही ताठपणा बदलतो. मधल्या भागापासून छिद्र जितके जवळ, तितका बार ताठ. बारचा हात, म्हणजे मधल्या भागापासून छिद्रापर्यंतचे अंतर, २५० मिलिमीटरऐवजी २२५ धरला की सुमारे २३ टक्क्यांचा फरक पडतो. सुरुवात नेहमी सर्वांत दूरच्या, म्हणजे मऊ छिद्रापासून करावी आणि दोन्ही बाजूंना तेच छिद्र वापरावे.

बुशांबाबत माझा कल रबराकडे आहे. पॉलियुरेथेन कमी दबते, म्हणून बार लवकर कामाला लागतो, हे खरे. पण त्याला वंगण सतत लागते, आणि आपल्याकडची बारीक काळी धूळ त्या वंगणात मिसळून बुशातून उंदरासारखा चुंई-चुंई आवाज काढते. पॉलियुरेथेनच घ्यायचे असेल तर सिलिकॉन ग्रीस वापरा. साधे पेट्रोलियम ग्रीस रबराला फुगवते, ते दोन्हींपासून दूर ठेवा. बार बदलताना बुश त्याच व्यासाचे घ्यायला विसरू नका. १८ चे बुश २० च्या सळईवर दाबून बसवणारे मी पाहिले आहेत. तिथे सळई फिरतच नाही आणि साधा गतिरोधकही कडक लागतो.

बसवताना चाके लोंबकळत असतील तेव्हा सगळे नट हाताने लावून ठेवा. शेवटचे आवळणे मात्र गाडी चाकांवर उभी असताना किंवा दोन्ही बाजूंना सारखा भार देऊन पिटवर करा. नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा. शंभर-दोनशे किलोमीटर चालवल्यानंतर सर्व नट पुन्हा एकदा तपासा.

प्रश्न : आमच्याकडे मागे पाटे असलेली उंच जीप आहे. शेतात आणि सातपुड्याच्या कच्च्या वाटांवर चालते, शिवाय चैत्रात सगळे कुटुंब घेऊन सप्तशृंगी गडावर जातो. नांदुरीच्या घाटात फार झुलते. मागे बार लावून घ्यावा का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : वर्षातून एका घाटासाठी वर्षभराच्या नाल्यांचे नुकसान करून घेऊ नये. कच्च्या वाटेवर एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर असते, तेव्हा दोन्ही चाके जमिनीला टेकलेली राहायची तर एक्सलला मनसोक्त तिरपे होता आले पाहिजे. जाड बार नेमके तेच रोखतो. चाक हवेत जाते, डिफरन्शिअल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा जोड) सगळी ताकद त्या हवेतल्या चाकाला देते आणि गाडी नाल्यात उभी राहते. जीप रँग्लर रुबिकॉनसारख्या गाडीत पुढचा बार बटणाने सोडवण्याची सोय दिलेली असते, ती याच कारणासाठी.

आपल्या झुलण्याचे उत्तर छतावर आहे. गडावर जाताना कॅरिअरवर पिशव्या, गाद्या आणि पाण्याचे कॅन लादले जातात. आधीच उंच असलेला गुरुत्वमध्य आणखी वर जातो आणि त्याच प्रमाणात कलही वाढतो. ते सामान सीटखाली आणि पायांजवळ घ्या. शिवाय पाट्यांचे यू-बोल्ट सैल झालेत का, शॅकलचे (पाट्याचे टोक सांगाड्याला जोडणारी हलती कडी) बुश संपलेत का आणि मागचे शॉक जिवंत आहेत का, ते तपासून घ्या.

प्रश्न : असे बदल कायदेशीर आहेत का? विमा कंपनी हरकत घेईल का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कडक अर्थ लावला. बारचा व्यास नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला नसतो, हे खरे. तरीही बोल्टने बसणारा आणि मूळ जागीच लागणारा भाग एक, आणि सांगाड्याला वेल्ड केलेला किंवा भोक पाडून बसवलेला भाग दुसरा, हा फरक लक्षात ठेवा. दुसऱ्या प्रकारचे काम करू नये, सांगाडा कमकुवत होतो ते वेगळेच.

विमा कंपनीला बदल लेखी कळवून त्याची पोच जपून ठेवावी. न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेस पडला, तर दावा अडू शकतो. वॉरंटीतील गाडीच्या सस्पेन्शनला तर हातच लावू नये. मूळ बार, लिंक आणि बुश भंगारात न घालता तेल पुसून माळ्यावर ठेवा, गाडी विकताना तोच संच परत बसवावा लागतो.